विषय: चित्रपट-संध्येसाठी ‘द नेमसेक’ चालेल का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतरच्या चित्रपट-संध्येला या वेळी मीरा नायर यांचा ‘द नेमसेक’ दाखवावा असं समितीच्या मनात आहे. झुंपा लाहिरींच्या २००३ सालच्या कादंबरीवरचा हा सिनेमा २००७मध्ये इथे अमेरिकेतल्या थिएटरांत लागला होता. तब्बू, इरफान खान आणि काल पेन यांच्या प्रमुख भूमिका आहेत. संवाद बरेचसे इंग्रजीत, काही बंगालीत. लांबी दोन तासांची. सिनेमा पीजी-१३ (म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीची सूचना असलेला) असल्याने लहान मुलांची सोय शेजारच्या खोलीत करू. मराठी सिनेमाच हवा असं कुणाला वाटत असेल तर जरूर कळवा.

— सांस्कृतिक समिती

---

उत्तर: चित्रपट-संध्येसाठी ‘द नेमसेक’ चालेल का?

सप्रेम नमस्कार,

माझं मत होकाराचं, आणि अगदी मनापासून.

या सिनेमाची ओळख करून देताना सगळे मुलाच्या नावापासून सुरुवात करतात. गोगोल हे नाव का ठेवलं, त्याला ते का नकोसं झालं, वगैरे. तेही आहेच, पण मला ही त्याच्या आईवडिलांची प्रेमकथा वाटते. कोलकात्यात बघण्याचा कार्यक्रम असतो. दाराबाहेर पाहुण्या मुलाचे बूट काढून ठेवलेले असतात. आत जाण्याआधी आशिमा, म्हणजे गोगोलची आई, हळूच त्या बुटांत पाय घालून बघते. त्या मुलाचा चेहराही तिने अजून पाहिलेला नाही! तब्बूने ते इतकं सहज केलंय की पुढचं सगळं लग्न त्या एका क्षणात मला पटून गेलं.

१९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपल्याकडचे इंजिनिअर, डॉक्टर इकडे येऊ लागले. लग्नासाठी मुलगा थोडक्या रजेवर घरी जायचा, चार स्थळं बघायचा, लग्न उरकायचा आणि बायकोला घेऊन परत यायचा. ओळख व्हायची ती इथे आल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. सिनेमात आशिमा नवऱ्याचे लोकरी स्वेटर लाँड्रीत धुऊन आणते आणि ते आटून जातात. तो वैतागून बोलतो, ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. मग तो बंद दाराशी उभा राहून तिची समजूत घालतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांचा संसार अशा एखाद्या बंद दारापाशीच सुरू झाला. माहेरचं माणूस जवळ नाही, फोन महाग, पत्राला वेळ लागणार. रुसायचं त्याच्यावर आणि समजूतही त्यानेच घालायची. त्यातून जे तयार झालं त्याला मी प्रेमच म्हणते, आणि ते पडद्यावर इतक्या सच्चेपणाने क्वचितच आलंय.

राइस क्रिस्पीजमध्ये शेंगदाणे आणि तिखट घालून खाणारी आशिमा बघून इथल्या किती जणींना आपली भेळ आठवेल ते बघाच.

— सु. म.

---

उत्तर: चित्रपट-संध्येसाठी ‘द नेमसेक’ चालेल का?

काकू, तुमची मेल दोनदा वाचली. बुटांचा प्रसंग माझाही फार आवडता आहे. पण समितीला एक विनंती. ‘बघा, ठरवून केलेली लग्नंच टिकतात’ अशा सुरात या सिनेमाची ओळख कृपया करून देऊ नका. मागे एका कार्यक्रमात असं बोलणं झालं होतं. लग्नाच्या वयाच्या मुलांना ते लागतं, आणि घटस्फोट झालेल्यांना तर फारच.

सिनेमाही तसं म्हणत नाही. गोगोल आणि मौशुमी यांची गाठ त्यांच्या आयाच घालून देतात. दोघं बंगाली, दोघं इथेच वाढलेले, घरं एकमेकांच्या ओळखीची. सगळं जुळलेलं असूनही ते लग्न मोडतं. म्हणजे स्थळ कुणी सुचवलं यावर काही ठरत नाही. आशिमाचा नवरा अशोक ऐकून घेणारा माणूस होता म्हणून तिचा संसार उभा राहिला. त्याच्या जागी दार बडवणारा कुणी असता तर? परक्या देशात, ओळखीचं कुणी नसताना, ती कुठे गेली असती?

हे जुन्या काळापुरतंही नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याच्या मागे, आलेल्या बायकांना २०१५पर्यंत नोकरी करता येत नव्हती. त्यानंतरही परवानगी मिळाली ती त्यातल्या काही जणींनाच. आपल्याच मंडळात पदव्या घेऊन घरात बसलेल्या मैत्रिणी आहेत. नवरा चांगला असला तरी दिवसभराचा एकटेपणा असतोच. आशिमा पुढे वाचनालयात काम करू लागते, तिथे तिला तिच्या स्वतःच्या मैत्रिणी मिळतात. माझ्यासाठी तीही या प्रेमकथेतलीच गोष्ट आहे. सिनेमानंतर यावर बोलणं व्हावं असं फार वाटतं.

— मृ. क.

---

उत्तर: चित्रपट-संध्येसाठी ‘द नेमसेक’ चालेल का?

अगं, तू म्हणतेस ते सोळा आणे खरं आहे. दार बडवणारे नवरेही आमच्या पिढीने पाहिलेत, आणि त्या बायका कुणाशी बोलायच्या नाहीत. तेव्हा मंडळंही नवी होती, मदत मागायची कुणाकडे हेच ठाऊक नसायचं. हे आम्ही जुन्यांनी उघडपणे सांगायला हवं.

शेवटच्या भागाबद्दलही बोलू या. अशोक कामासाठी क्लीव्हलंडला जातो, आशिमा घरीच राहते, आणि तो वारल्याची बातमी तिला फोनवर कळते. पुढे घर विकून ती आपल्या गाण्याकडे, कोलकात्याकडे वळते. हा निर्णय सर्वस्वी तिचा. इथेच राहायचं की परत जायचं, हा प्रश्न माझ्या वयाच्या निम्म्या सभासदांच्या घरात आज रोज निघतो. मुलांसमोर मात्र कुणी तो काढत नाही.

— सु. म.

---

उत्तर: चित्रपट-संध्येसाठी ‘द नेमसेक’ चालेल का?

मंडळी, हरकत एकाचीही आली नाही, तेव्हा ‘द नेमसेक’ नक्की. इंग्रजी सबटायटल्स लावू. आपल्या भागातल्या बंगाली मंडळींनाही बोलावणं पाठवतोय. सिनेमानंतर तासभर हॉल आपल्याकडेच आहे. काकू, चर्चेची सुरुवात तुम्ही करा, लगेच मृ. ताई बोलतील. स्थळ कुणी सुचवलं आणि लग्न टिकलं की नाही, असे प्रश्न कुणालाही थेट विचारायचे नाहीत, एवढं सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवतो. मुलांच्या खोलीत थांबायला दोन जण हवेत, कृपया याच मेलला उत्तर द्या.

— सांस्कृतिक समिती