1885 ला फुटबॉल बिघडला म्हणणाऱ्यांनी डार्वेनच्या गिरणी कामगारांचं काय झालं ते बघा

हौशी_रेफरी (मूळ पोस्ट): जुलै 1885 मध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता दिली, तिथेच फुटबॉलचा घात झाला. त्याआधी लोक खेळासाठी खेळायचे. कॉरिंथियन्स या हौशी क्लबने 1884 ला कपविजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सना 8-1 धुतलं, एक पैसा न घेता!

डावा_बॅक: सकाळपासून हे वाचून डोकं फिरलंय. "खेळासाठी खेळायचे" म्हणजे कोण? ज्यांच्या घरी चूल आपोआप पेटत होती ते. 1879 ची एफए कपची क्वार्टर फायनल घ्या, ओल्ड इटोनियन्स (ईटन या श्रीमंतांच्या शाळेचे माजी विद्यार्थी) विरुद्ध डार्वेन. डार्वेन म्हणजे लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. 1-5 मागे असताना त्यांनी 5-5 केलं, जादा वेळ खेळा म्हटलं तर इटोनियन्स नाही म्हणाले. मग गावाने वर्गणी काढून पोरांना पुन्हा लंडनला पाठवलं, 2-2, परत लंडन, तिसऱ्यांदा 2-6 हरले. तिन्ही वेळा यांनीच दक्षिणेला जायचं, मजुरी यांचीच बुडायची. याला तुम्ही शुद्ध खेळ म्हणता?

हौशी_रेफरी: त्या वर्गणीत इटोनियन्सनीही पैसे घातले होते, ते सोयीस्कर विसरलात. आणि डार्वेनचा फर्गस सूटर कोण होता? ग्लासगोचा पाथरवट, म्हणे इंग्लंडचा दगड फार कडक म्हणून त्याने काम सोडलं, मग त्याचं पोट कशावर चाललं? पुढे तोच ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला. चोरून पैसे घेणं म्हणजे लबाडीच.

डावा_बॅक: चोरून का घ्यावे लागले ते विचारा ना. प्रेस्टन क्लब चालवणाऱ्या सडेलने 1884 ला उघड सांगितलं की हो, आम्ही देतो, तर त्यांना कपमधून बाहेर काढलं. दीड वर्षात एफएला नमावंच लागलं. रग्बीवाल्यांनी बुडालेल्या मजुरीची भरपाईसुद्धा नाकारली, 1895 ला उत्तरेचे क्लब फुटून निघाले. फुटबॉल फुटला नाही तो या 1885 मुळेच.

लालबागचा_नातू: मजुरीचा विषय निघालाय तर बोलतोच. तिकडे 1850 च्या कायद्याने कापड गिरण्यांत बायका आणि पोरांचं काम शनिवारी दोनला थांबायचं, त्यांच्याविना गिरणी चालणार कशी, म्हणून पुरुषही सुटायचे. शनिवार दुपारची मॅच तिथून आली. आपल्या मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कधी मिळाली? 10 जून 1890, नारायण मेघाजी लोखंडे सभा घेऊन घेऊन झगडले तेव्हा. पुढच्याच वर्षी इथे रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, तीही गोऱ्या पलटणींसाठी. माझे आजोबा साच्यावर होते, मैदान घरासमोर, खेळायला अंगात जीव कुठे उरायचा.

हौशी_रेफरी: लोखंड्यांबद्दल आदर आहे, पण त्यांचा इथे काय संबंध? वेगळा धागा काढा.

लालबागचा_नातू: नाही काढणार. सुट्टी नाही तर खेळ नाही, हाच मुद्दा आहे. लोखंडे नाव आलं की लोकांना विषयांतर वाटतं, याचाच राग येतो.

शिफ्ट_बी: मी एका कारखान्याच्या टीमकडून आठ वर्षं स्टॉपर खेळलो. मॅचच्या दिवशी आमचा खाडा लागायचा, ऑफिसमधल्या पोरांना ऑन ड्युटी मिळायची. गुडघा गेला तेव्हा औषधाचा खर्च माझाच. ज्याचं जळतं त्याला कळतं हो. 1883 ला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या क्लबने इटोनियन्सना फायनलला 2-1 हरवलं, विजयी गोल मारणारा कॉस्टली सूतगिरणीतला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडलो होतो.

हौशी_रेफरी: इटोनियन्स त्या दिवशी एक गडी जखमी होऊन दहाच उरले होते, आणि ऑलिम्पिकवाले आधी ब्लॅकपूलला जाऊन सराव करून आलेले. तेही लिहा.

डावा_बॅक: सराव केला म्हणून दोष? धन्य आहे.

हौशी_रेफरी: बरं, खाडा लागतो त्याला भरपाई मिळायला हवी, एवढं मान्य. तेवढंच. पण पुढचंही बोला. 1893 नंतर क्लबने आपल्या यादीत नाव धरून ठेवलं की खेळाडू दुसऱ्या लीग क्लबला जाऊच शकत नव्हता, पगार मिळो न मिळो. गिरणीच्या मालकाकडून सुटला आणि क्लबच्या मालकाला बांधला गेला. पैसा आला म्हणूनच ना?

शिफ्ट_बी: ते बरोबर आहे. पण त्याचा दोष मालकांच्या पदरात घाला, पगार घेणाऱ्याच्या नाही.