खेकडा भजी घरी करताना... तुमचे अनुभव लिहा

सांजपाऊस
आज कांदेनवमी. सकाळपासून झड लागली आहे. भाजीवाल्याकडे कांदे निवडत होते, शेजारी एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "परवा एकादशी, मग चार महिने नाही. आज पोटभर खाऊन घ्यायचा." आमच्या घरी आता चातुर्मास कुणी पाळत नाही, पण हे वाक्य माझ्या आईचं. शब्दही तेच. तेव्हापासून स्वयंपाकघरात नुसती इकडून तिकडे फिरते आहे, म्हणून लिहायला बसले.

कांदेनवमीला आमच्याकडे दुपारी चारला परात निघायची. कांदे उभे, पातळ चिरलेले. त्यावर मीठ घालून आई हाताने पाकळी न् पाकळी सुटी करायची, वर ताट झाकायची आणि वाती वळत बसायची. आम्ही घाई करायचो, तर "त्याला पाणी सुटू दे" एवढंच म्हणायची. कांदा ओलागच्च झाला की तळहातावर चोळलेला ओवा, भरडलेले धणे, हिरवी मिरची, हळद, तिखट, भरपूर कोथिंबीर. मग बेसन वरून भुरभुरायची, थोडं थोडं. चमचाभर तांदळाची पिठी. वरून पाण्याचा थेंब नाही. "कांद्याला पीठ लागलं पाहिजे, पिठात कांदा बुडायला नको." शेवटी कढईतलं कडकडीत तेल दोन चमचे त्या मिश्रणावर, चर्र आवाज यायचा आणि आम्ही पाट घेऊन पळायचो.

पाच-सहा घाणे निघायचे. ती ओट्याशी उभी, आम्ही खाली बसलेले. शेवटी कढईच्या तळाचा चुरा आणि गार झालेली दोन भजी ती चहाबरोबर खायची. मी तिला एकदाही गरम भजं खाताना पाहिलेलं नाही. हे आज एवढ्या वर्षांनी लक्षात आलं आणि जिन्यातच थांबले.

तुमच्याकडे कशी व्हायची? कोण तळायचं? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा.

कढीपत्ता
चुरा!!! आमच्याकडे त्या चुऱ्यावरून भांडणं. आजी झाऱ्याने काढून चार वाट्यांत मोजून वाटायची. बाकी नंतर लिहिते, पोळ्या चालू आहेत.

रानजाई
ताई, शेवटची ओळ वाचून गलबलून आलं. माझी सासूबाई पण अशीच.
माझा प्रश्न वेगळा आहे. माझी भजी काढताना कुरकुरीत असतात आणि पाच मिनिटांत मऊ पडतात. चार कांद्यांना बेसन किती घ्यायचं नक्की? मी दोन वाट्या घेते आणि थोडं पाणी.

सांजपाऊस
रानजाई, दोन वाट्या फार होतात. मध्यम चार कांद्यांना एक वाटी पुरते, कधी कधी त्यातलंही उरतं. पाणी घातलंत की त्याचं पीठ होतं आणि मग ती गोल, मऊ भजी. तीही छान लागतात, पण खेकडा नाही होत. पाय बाहेर आले पाहिजेत!

ओव्याची_पुडी
खेकड्यावरून आठवलं. ऑफिसात डबा उघडला, "खेकडा भजी आणलीत, घ्या सगळ्यांनी" म्हटलं. शेजारची मुलगी इंदूरची, पक्की शाकाहारी. तिने खुर्चीच मागे घेतली. केकडा! मग एक भजं हातात धरून पाय दाखवले, हे कांद्याचे आहेत म्हणून. त्यानंतर डब्यातली अर्धी तिनेच संपवली आणि आता दर पावसाळ्यात विचारते, "ताई, वो केकडा कब?"

चाळीतला_कांदा
निफाड तालुक्यात आमची कांद्याची शेती आहे, म्हणून दोन शब्द. तुमच्या आईंनी कांद्याला वेळ दिला हे अगदी बरोबर, पण किती वेळ द्यायचा हे कांदा कोणता यावर आहे.

आत्ता बाजारात आहे तो उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलात काढणी, पात सुकवून चाळीत भरलेला. जुलैपर्यंत त्याला तीन महिने होतात. साल घट्ट, आत पाणी कमी, चव तिखट. याला मीठ लावून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, घाई केली तर पीठ धरत नाही आणि मग माणूस पाणी ओततो. दिवाळीच्या सुमारास येतो तो खरिपाचा लाल कांदा. तो ताजा, पाणीदार, टिकाऊ नाही. त्याला दहा मिनिटं पण जास्त. एवढं पाणी सुटतं की बेसन वाढवत जावं लागतं आणि भजी मऊ पडतात. माझी बायको तेव्हा मीठ अगदी शेवटी घालते, लगेच कालवते आणि लगेच तळते.

लोक म्हणतात कृती तीच आहे मग यावेळी का बिघडली. कृती तीच असते, कांदा बदललेला असतो.

रानजाई
दादा, हे मला तीस वर्षांच्या संसारात कुणी सांगितलं नव्हतं! दिवाळीत पाहुणे आले तेव्हाच नेमकी बिघडतात माझी. आता कळलं.

पाटावरवंटा
अलिबागचा पांढरा कांदा घालून केली आहेत का कुणी? माहेरून माळ आली आहे.

चाळीतला_कांदा
तो गोड असतो, तळताना लवकर लाल होतो. आच जरा कमी ठेवा. खरं सांगू का, तो कच्चाच खा. भाकरीबरोबर.

पाटावरवंटा
बाबा पण हेच म्हणाले फोनवर, रागावलेच जवळजवळ.

घाटवाट
आम्ही दर रविवारी सिंहगड चढायचो, मी आणि वडील. अंधारात पायथ्याशी, वर पोचलो की झोपडीत शिरायचं. कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. बाहेर धुकं, चुलीचा धूर डोळ्यांत, कपडे ओले. वडील एक प्लेट भजी संपल्यावरच बोलायला लागायचे. वर येईपर्यंत ते गप्प असत, आणि मग त्या झोपडीत बसून मला त्यांनी त्यांच्या नोकरीचं, आजोबांच्या कर्जाचं, सगळं सांगितलं. घरात कधी नाही बोलले.

आता त्यांचे गुडघे गेले. तीन वर्षं झाली गड नाही. गेल्या पावसाळ्यात मी एकटा गेलो आणि त्यांच्यासाठी भजी बांधून आणली. डबा गच्च बंद. घरी उघडला तर वाफेने सगळा लगदा. त्यांनी तरी खाल्ली, छान आहेत म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग घरीच करायला शिकलो. युक्ती दोन. एक, घाणा कागदावर एकावर एक ढीग करायचा नाही, जाळीवर पसरायचा आणि झाकायचा नाही. दोन, तेल आधी चांगलं तापवून, कणभर पीठ टाकून बघायचं, लगेच वर आलं की मग आच मध्यम. थंड तेलात सोडली की भजी तेल पितात, आणि धूर येईस्तोवर तापवलं तर वरून काळी आणि आत कांदा कच्चा. मिश्रण मुठीने दाबायचं नाही, बोटांनी उचलून सैलच सोडायचं.

आता रविवारी सकाळी गॅलरीत दोन खुर्च्या टाकतो. मडक्यात दही लावतो आदल्या रात्री. बोलतात.

कढीपत्ता
घाटवाट, "बोलतात" वाचून पोळी करपली माझी. बाबांना नमस्कार सांगा.

ओली_हळद
यांची अँजिओप्लास्टी झाली मार्चमध्ये. तळलेलं बंद. पाऊस सुरू झाला आणि हे खिडकीत बसून खालच्या गाडीवरचा वास घेत बसतात, बघवत नाही. एअर फ्रायरमध्ये कुणी केली आहेत का? चव येते का?

मोहन_दोन_चमचे
ताई, काळजी घ्या दोघांची. माझ्या वडिलांसाठी करते मी. तळणीची चव येत नाही हे आधीच सांगते, म्हणजे हिरमोड नको. पण खाण्यासारखी होतात. कांदा नेहमीपेक्षा पातळ चिरा, पिठात चमचाभर तेल कालवा, जाळीला तेलाचं बोट फिरवा आणि भजी अगदी विरळ पसरा, गोळा नको. १८० अंशावर बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. जाड झाली की आत कच्चं पीठ लागतं. मीठही बेताचं घाला, आणि डॉक्टरांना विचारून ठरवा.

ओली_हळद
आजच करते. मनापासून धन्यवाद.

पाटावरवंटा
आणि ताई, सोबत लसणाची चटणी द्या थोडी. चटणीने निम्मं काम होतं.

दूरदेशी
इथे लेस्टरमध्ये दुकानात 'अनियन भाजी' मिळते. लाडवासारखी गोल, फ्रिजमधली थंडगार, आत पीठच पीठ. माझा मुलगा इथे वाढला, त्याला भाजी म्हणजे तीच. "आई, भाजी कर" म्हणाला की मला कळत नाही की मेथी करू का कांदा चिरू.

मागच्या महिन्यात त्याला सांगितलं, बस, आज खरी भजी दाखवते. इथला पिवळा कांदा मोठा असतो, गोडसर, आणि पाणी फार. चाळीतले दादा म्हणतात तेच झालं, पीठ सैल. मग कांदा हातात घट्ट पिळून घेतला, ते पाणी वाटीत बाजूला ठेवलं आणि लागेल तसं चमचा चमचा घातलं. जमली! पण पहिला घाणा निघतो न निघतो तोच धुराचा अलार्म वाजायला लागला. वरच्या मजल्यावरची आजी खाली धावत आली. तिला दोन भजी दिली. दुसऱ्या दिवशी ती रिकामी बशी नाही घेऊन आली, स्वतः केलेला केक घेऊन आली. आता दर शनिवारी येते, माझ्याकडून तळून घ्यायला नाही, शिकायला.

मुलगा म्हणाला, ही वेगळीच वस्तू आहे, हिला वेगळं नाव दे. म्हटलं, नाव आहे तिला.

गिरणीपाशी
सगळे कांद्यावर बोलताय, बेसनाचं काय? पुडीतलं बेसन फार बारीक असतं. चण्याची डाळ घरची, गिरणीतून जरा जाड दळून आणा आणि बघा फरक. आमचा गिरणीवाला "भज्याला का लाडवाला?" विचारूनच चक्की लावतो.

रानजाई
ठाण्यात अशी गिरणी कुठे राहिली आहे का? आमच्या कोपऱ्यावरची बंद पडली, तिथे मोबाईलचं दुकान आहे.

गिरणीपाशी
आहेत अजून, मार्केटच्या आतल्या गल्ल्यांत विचारा. गव्हानंतर लगेच डाळ टाकू देऊ नका मात्र.

शेवंती
आमच्या गोव्यात सकाळी हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि बाजूला मिरचीभजी. कांदाभजी संध्याकाळची, चहाबरोबर. आई त्यात खोबरेल वापरायची तळायला. वास अजून नाकात आहे. घर विकलं आम्ही गेल्या वर्षी. बाकी काही नाही, सहज लिहिलं.

सांजपाऊस
शेवंती, सहज नाही ते. अजून लिहा वाटलं तर.

मोहन_दोन_चमचे
सोड्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी घालत नाही. सोड्याने फुलतात पण तेल ओढतात आणि लवकर मऊ पडतात. गरम तेलाचं मोहन पुरतं.

चाळीतला_कांदा
पाऊस इथे पण आहे, पण आमच्या जिवाला घोर. यंदा ऐन काढणीत पावसाने गाठलं, ओलसर कांदा चाळीत गेला आणि आता सडतोय. आज सकाळपासून दोघं निवडतच बसलोय, चांगला वेगळा, कोंब आलेला वेगळा. कोंबाचा कांदा विकत नाही, घरीच खातो. संध्याकाळी त्याचीच भजी होतील, कोंब पण चिरून घालते बायको, पातीसारखा लागतो.

घाटवाट
दादा, वाईट वाटलं वाचून. थोडा तरी भाव मिळो.

कढीपत्ता
मी कांदा निवडताना दहा वेळा दाबून बघते आणि एक डाग दिसला तर परत टाकते. आता नाही टाकणार.

सांजपाऊस
आत्ता आले परत. तुमचं वाचून मुलाला हाक मारली. चोवीस वर्षांचा आहे, ओट्याशी फारसा येत नाही. त्याला म्हटलं, आज तू तळ, मी बसते. कांदा मी चिरला, वीस मिनिटं झाकला (दादा, घड्याळ लावून!). पहिला घाणा जरा काळपट झाला त्याचा, आच मोठी होती. दुसरा मात्र सोनेरी. त्याने बशीत चार भजी आणि तळलेली मिरची घालून माझ्यासमोर ठेवली आणि वळून तिसरा घाणा सोडायला गेला.

जीभ भाजली. बऱ्याच वेळाने संपवलं ते पहिलं.

रानजाई
ताई...

ओव्याची_पुडी
मिरचीला मीठ लावलंत ना पण? आणि चीर देऊन तळली ना? आमच्याकडे न चिरता टाकली एकदा, फटाक्यासारखी फुटली, भिंतीवर अजून डाग आहे.

सांजपाऊस
चीर दिली होती, मीठही. आई तशीच द्यायची.

ओली_हळद
झाली!! पातळ पसरली, चौदा मिनिटं लागली. यांनी पाच खाल्ली. म्हणाले गाडीवरची नाहीत, पण आहेत. चटणीची वाटी मात्र चाटूनपुसून.

पाटावरवंटा
म्हटलं होतं ना, चटणी!
बरं, कुणाकडे उरली का? उरली तर उद्या ताकाची कढी करा आणि उकळी फुटल्यावर भजी सोडा. दहा मिनिटं झाकून ठेवा, भातावर घ्या.

कढीपत्ता
उरली?? आमच्याकडे चुरा पण नाही उरला. लाईट गेली आत्ता, मोबाईलच्या उजेडात शेवटचा घाणा काढते.