प्लाझ्मादान: 28 दिवस मोजायचे की टायटर?

प्रश्न: कोविडच्या पहिल्या लाटेत बऱ्या झालेल्या माणसाकडून, लक्षणं गेल्यावर 28 दिवसांनी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) रुग्णांना देण्यासाठी घेत. आणखी दोन-तीन महिने थांबलं तर प्रतिपिंडं वाढतात का? आणि रॅपिड किटवर आयजीजीची (संसर्गानंतर टिकून राहणाऱ्या प्रतिपिंडांची) रेघ उमटली की दाता पक्का धरायचा का? नव्या तंत्रज्ञांना शिकवायचं आहे.

उत्तर १: वाढत नाहीत, उतरतात. आयजीजी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढतं. ते बनवणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी. त्या संपल्या की रक्तातलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येऊ लागतं. पुढे अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी पेशी थोडंथोडं बनवत राहतात, म्हणून उतार मंदावतो. 28 दिवसांची अट संसर्ग संपल्याच्या खात्रीसाठी होती. प्लाझ्मात दम किती, ते त्यावरून कळत नाही. रेघही तेवढंच सांगते: आहे किंवा नाही. किती आहे ते टायटर सांगतो: 1:640 टायटर म्हणजे सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) 640 पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह. आयजीजीही स्पाइकच्या (विषाणूवरच्या काट्याच्या) आरबीडीविरुद्धचं, म्हणजे पेशीला चिकटणाऱ्या भागाविरुद्धचं हवं. विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरताना अडवत नाहीत.

उत्तर २: टायटर का, याचा धडा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्लासिड या कोविड-प्लाझ्माच्या चाचणीत आहे. 39 रुग्णालयं, 464 रुग्ण, 200 मिलिचे दोन डोस; मृत्यू कमी झाले नाहीत. दात्यांचा टायटर आधी तपासला नव्हता. साठवलेले नमुने नंतर तपासले, तर विषाणू निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या टायटरचा मध्यक (मधला आकडा) निघाला जेमतेम 1:40; ही चाचणी वेगळी, वरच्या 1:640 शी थेट तुलना करू नका. मे 2021 मध्ये भारतात प्लाझ्मा कोविडच्या उपचारातून वगळलाच. पण उपचार मुळात फोल म्हणू नका. अर्जेंटिनात हुनिन विषाणूच्या तापात पहिल्या आठ दिवसांत प्लाझ्मा दिल्यावर मृत्यू 16.5 टक्क्यांवरून 1.1 वर आले. तिथे डोसही मिलिलिटरवर न ठरवता प्रतिपिंडांच्या मात्रेवर ठरवतात.

उत्तर ३: टेबलावरचं सांगतो. दात्याला वडापाव खाऊन येऊ देऊ नका. प्लाझ्मा दुधाळ येतो आणि पिशवी बाद होते. पोटात हलकं खाणं आणि भरपूर पाणी हवं. हिमोग्लोबिन 12.5, एकूण प्रथिनं 6 ग्रॅमच्या वर (दोन्ही रक्ताच्या डेसिलिटरमागे). ओठांना मुंग्या आल्या तर सायट्रेटमुळे (रक्त गोठू नये म्हणून यंत्रात घालतात ते) कॅल्शियम उतरलंय: रक्त दात्याला परत देण्याचा वेग कमी करा, कॅल्शियमची गोळी चघळायला द्या. गरोदरपण झालेल्या स्त्रियांचा प्लाझ्मा टाळतात, कारण त्यातली एचएलए प्रतिपिंडं (दुसऱ्याच्या पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्धची) रुग्णाच्या फुफ्फुसाला इजा करू शकतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे आधी नमुना, मग बोलावणं?

उत्तर ३: हो. टायटरचा आकडा हातात आल्यावरच अफेरेसिसचा (यंत्राने रक्तातून प्लाझ्मा वेगळा काढण्याचा) किट फोडा. तो एकदाच वापरता येतो.