शहर सोडून वावरात राहायला गेलेल्यांचे अनुभव

गेल्या काही वर्षांत नागपूर, पुणे, मुंबई येथील नोकऱ्या सोडून विदर्भातल्या वडिलोपार्जित शेतात घर बांधून राहणारी काही कुटुंबे माझ्या ओळखीची झाली आहेत आणि आमचेही कुटुंब त्यांपैकीच एक आहे. येऊ इच्छिणाऱ्यांची विचारपूस वाढली असल्यामुळे, ज्यांनी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा वावरात काढला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सूर्योदयाची वर्णने कृपया टाळावीत. ती सर्वांना ठाऊक आहेत. सुरुवात मीच करतो.

देवळी तालुका, वर्धा

आमची सर्वांत महागडी चूक घराच्या पायाची झाली. नागपूरहून आणलेल्या कंत्राटदाराने चार फूट खोदून पाया भरला, तेव्हा गावातले वयस्क मिस्त्री धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, या वावराले पऱ्हाटी मानवते, भित नाही मानवत." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी हसून चहा पुढे केला. पहिल्याच मे महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरपी भेग गेली आणि तिच्यात माझ्या मुलीने दहा रुपयांचे नाणे सरकवून दाखवले. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे शाळेत शिकलो होतो. ती सोबत भिंतही हलवते, हे मात्र शिकलो नव्हतो. खाली मुरूम लागेपर्यंत खोदणे, काळी माती काढून मुरूम भरणे, वर सिमेंटचा पट्टा बांधणे आणि घराभोवती पाणी मुरू न देणे, एवढे आधी केले असते तर दुसऱ्यांदा खर्च आला नसता. शेवटी ते काम त्याच मिस्त्रींनी करून दिले आणि आधीच्या बोलण्याची आठवण एकदाही करून दिली नाही.

दुसरी गोष्ट पांदणीची, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेची. गाव ते वावर हे अंतर दीड किलोमीटर आहे. मृगाचा पाऊस पडला की दिवाळीपर्यंत गाडी गावातल्या एका काकाजींच्या कोठ्यात उभी असते आणि आम्ही चपला हातात घेऊन चालतो, कारण चिखल चपलेला सोडत नाही. उन्हाळ्यात जमीन पाहून घर बांधण्याचे ठरवणाऱ्यांनी तीच वाट ऑगस्टमध्ये एकदा चालून पाहावी.

दर्यापूर तालुका, अमरावती

आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे, हे वडिलांना माहीत होते. पण ते बोलेपर्यंत मी बोअर मारून बसलो होतो. पाणी लागले आणि लोकांनी पेढेही खाल्ले. त्या पाण्यावर लावलेल्या लिंबाच्या रोपांची पाने आधी कडेने करपली आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळी रोपे गेली. आता छतावरचे पाणी टाक्यात साठवतो, शेततळे खोदले आहे आणि पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा घेतो. तो मात्र असा येतो की पाहत राहावे.

कळंब तालुका, यवतमाळ

आम्हा दोघांपैकी कोणीच शेतकरी कुटुंबातले नसते, तर येथे जमीन घेता आली नसती. विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कूळ कायदा आहे आणि शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझे नाव माझ्या वडिलांच्या सातबारावर होते, म्हणून खरेदी माझ्या नावाने झाली. सासरी या गोष्टीचे बरेच कौतुक झाले आणि थोडी कुजबुजही झाली.

मी मूळची पुण्याची. पहिल्या आठवड्यात दुकानात कोथिंबीर मागितली तर दुकानदार गोंधळले, मागून एक आजी म्हणाल्या, "सांबार मांगते ना माय ते!" तेव्हापासून मी सांबारच म्हणते. भीतीचा प्रसंग सांगायचा तर, चुलीसाठी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग आम्ही न्हाणीच्या भिंतीला लावून रचला होता आणि एका सकाळी काड्या ओढताना खालून कुकरच्या शिट्टीसारखा फुसकारा आला. ती परड होती, म्हणजे पुस्तकातली घोणस. सर्पमित्र येईपर्यंतचा पाऊण तास आम्ही चौघे बाजेवर पाय वर घेऊन बसलो होतो. आता ढीग घरापासून लांब आहे, अंधारात बॅटरीशिवाय कोणी बाहेर पडत नाही आणि सर्पदंशावरची लस सर्वांत जवळ कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते, हे धाकट्यालाही पाठ आहे.

साकोली तालुका, भंडारा

वरचे अनुभव काळ्या मातीतले आहेत. आमच्याकडे धान आणि तलाव. गावाचा माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातला, तलाव आहे आणि त्याच्या पाण्याची पाळी ठरते तेव्हा मी पुण्यात कोणत्या पदावर होतो, हे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी रोवणीसाठी मी जास्त मजुरी देऊ केली, तरी बाया आल्या नाहीत. त्या आधी आपापल्या लागलेल्या घरी, म्हणजे जिथे एकमेकांच्या कामाला जाणे-येणे असते तिथे, गेल्या, आणि माझे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वाढून पिवळे पडले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तुम्ही कोनाच्या बांधीत गेलते का जी?" दुसऱ्या वर्षी आम्ही दोघे इतरांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, सहा दिवस गुडघाभर चिखलात वाकलो, कंबर गेली, पण सातव्या दिवशी आमच्या बांधीत अकरा जणी उतरल्या. रानडुकरांपासून राखण करायला जागलीवरही आता पाळीने जातो.

हिंगणघाट तालुका, वर्धा

आम्ही दोन वर्षांनी परत नागपूरला आलो, म्हणून लिहावे की नाही, असा प्रश्न होता. वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा सुरू झाले, आणि पावसाळ्यात रात्री त्यांना बाजेवर घालून चौघांनी पांदण पार केली, तेव्हा निर्णय झाला. वावर विकलेले नाही, ठोक्याने, म्हणजे खंडाने, दिले आहे. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे असते. तूर निघाली की ते एक पोते आमच्या ओसरीत ठेवतात आणि फोन करतात.