कामगाराचं ध्येय गेटाच्या बाहेरचं असेल तर मालकानं काय करावं?

शिरोलीचा_लेथवाला

शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. २६ माणसं. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही बोअर-फेस मारून, म्हणजे त्याचं भोक आणि तोंड मापात कातून देतो. खंडेनवमीच्या आधी एका मित्राच्या आग्रहानं प्रेरणा देणारे एक वक्ते आणले. तीन तास टाळ्या, मग सामोसे. जाता जाता त्यांनी सगळ्यांना एकेक कोरं कार्ड दिलं. 'पाच वर्षांतलं माझं ध्येय' लिहायचं, नाव टाकायचं नाही.

कार्डं माझ्या टेबलावर आली. मला वाटलं होतं सेटर (मशीन लावून देणारा) होणार, सुपरवायझर होणार असलं काहीतरी असेल. निघालं भलतंच. स्वतःचा एक लेथ, गावाकडं स्लॅबचं घर, बायकोचं बी.एड., पोलीस. एकानं 'पगार सात तारखेला' लिहिलंय. आणि एका कार्डावर एकच शब्द, 'झोप'.

पोलीस कुणी लिहिलंय ते कळलं, जॉबकार्डावर रोज ते अक्षर बघतो. माझा सगळ्यात हुशार ऑपरेटर. पहिली पाळी सातला लागते, पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याला पळून त्याला पोचता येत नाही. तीन महिने कायम दुसरी पाळी मागतोय. म्हणजे त्याच्या वाटणीची रात्रपाळी दुसऱ्यांनी करायची, आणि भरती झाला की हा जाणार. द्यावी का? मला वाटतं द्यावी. घरात आणि पार्टनरकडून शिव्या खातोय, म्हणून इथं विचारतोय.

पगारपत्रक

बाकी सगळं राहू दे. पगार किती तारखेला करता?

शिरोलीचा_लेथवाला

दहा. कधी बारा.

पगारपत्रक

मग चर्चा संपली की राव! महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत, हा कायदा आहे. तो मोडून वर स्वप्नांची कार्डं गोळा करायची म्हणजे जेवण न घालता बडीशेप विचारल्यासारखं झालं. मी २० वर्षं पर्सोनेलला काढली. माणूस सोडून जातो तो तीन कारणांनी : पगार लांबतो, ओटी (जादा तासांचे पैसे) दुप्पट दरानं मिळत नाही, नाहीतर सुपरवायझर चारचौघात आईवरून बोलतो. हे तीन नीट करा. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला पैलवान, ते त्यांचं त्यांना बघू दे. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ साली हेच मांडलं : पगार, सोयी, साहेबाची वागणूक हे बिघडलं की माणूस नाराज होतो.

मॅनेजमेंट_मॅडम

अर्धाच हर्झबर्ग सांगितलात. पुढचं अर्धं असं, की हे सगळं सुधारलं तर नाराजी जाते, पण हुरूप येतोच असं नाही. हुरूप येतो कामातून, जबाबदारीतून, आपण पुढं सरकतोय या जाणिवेतून. त्यानं पिट्सबर्ग भागातले इंजिनिअर आणि अकौंटंट विचारले होते, हे मात्र माझ्याच विरोधात जातं. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला उभ्या असलेल्या माणसाला त्यानं विचारलं नव्हतं.

उद्यमनगरी

पगार लांबतो तो हौसेनं नाही. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असं कायद्यात आहे, मोठी गिऱ्हाइकं ९० दिवस लावतात आणि तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजाऱ्याला. एवढंच. चालू दे तुमचं.

राजारामियन

लेथवाले, पाळी द्या. कोल्हापुरात हे नवीन नाही. शाहू महाराजांच्या पागेतल्या गंगाराम कांबळेंना हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल निघालं आणि महाराज स्वतः तिथला चहा प्यायचे. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, १९५२ ला पदक आलं. आपला स्वप्नील कुसाळे २०१५ ला रेल्वेच्या नोकरीत लागला, तिकीट तपासनीस होता, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य. नोकरी देणाऱ्यानं थोडं सैल सोडलं तर माणूस कुठं जातो बघा.

कट_जादा

वा. आता दर चर्चेत महाराज आणि कुस्ती आलीच पाहिजे. गंगाराम कांबळेंचा विषय अस्पृश्यतेचा आहे, तो शिफ्टच्या तक्त्यात कोंबू नका. रेल्वे खेळाडूंची वेगळी भरती करते, तिच्याकडं माणसांना तोटा नाही. ह्यांच्याकडं २६ आहेत! एक माणूस कमी झाला की एक मशीन बंद, आणि त्याचा हप्ता मात्र चालू.

माझाही शॉप आहे, गोकुळ शिरगावला. आमच्या पेठेतलाच एक पोरगा फुटबॉल खेळायचा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धी सुट्टी, दोन सीझन मी हसत दिली. तिसऱ्या सीझनला चार पोरं आली, त्यातल्या दोघांचे पाय चेंडूला कधी लागले असतील असं वाटत नव्हतं. एकाला दिलं की नियम झाला. आणि ज्याला काही स्वप्नबिप्न नाही, नुसतं घर चालवायचंय, त्यानं काय पाप केलं? रात्रपाळी त्याच्याच माथ्यावर.

तिसरी_पाळी

मी मालक नाय, ऑपरेटर हाय. बारा वर्षं झाली. माझं म्हणणं दोन्हीकडच्यांना पटायचं नाय.

आमच्या आधीच्या कंपनीत पण असलं कार्ड भरून घेतलं होतं. नाव नव्हतं घालायचं. माझ्या शेजारच्या मशीनवरच्यानं खरं लिहिलं, 'स्वतःचं वर्कशॉप'. महिन्याभरात नवीन फोर-अॅक्सिस मशीन आलं. ट्रेनिंगला त्याचं नाव ठरलं होतं, ते कापलं. साहेब म्हणाले, हा शिकून जाणार, याच्यावर कशाला खर्च? मी कार्डावर 'सेटर' लिहिलेलं. मला पाठवलं. सेटर व्हायचं मला कधी मनातबी नव्हतं.

लेथवाले, तुम्ही माणूस बरे वाटता. पण तुम्हीबी अक्षर ओळखलंच की. मग नाव नको लिहायला सांगून उपयोग काय झाला? आमचं स्वप्न विचारू नका, आम्ही भिशीत बघून घेतो. दर महिन्याला ५,००० टाकतो, वीसजण आहोत, नंबर लागला की एकरकमी लाख. त्यातून दोघांनी जुना लेथ घेतलाय, एकानं पोरीची फी भरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पाळीचं म्हणाल तर आम्ही आपसात बदलतो. फक्त सुपरवायझरनं त्यात पडू नये. ज्याला रात्र करायला लागणार त्याला पोरानं स्वतः जाऊन विचारू दे. मी माझ्या मित्रासाठी सहा आठवडे केली. मालकानं लावली असती तर सहा दिवसांत आजारी पडलो असतो.

मॅनेजमेंट_मॅडम

वरचा प्रतिसाद माझ्या पोरांना वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

तरी ध्येय या गोष्टीवरच काट मारू नका. १९७५ साली प्रसिद्ध झालेला लेथमचा अभ्यास बघा (नाव योगायोगानं लेथवाल्यांच्या कामाचं आहे). ओक्लाहोमात लाकडं वाहणारे ट्रक कायद्यानं चालेल त्याच्या ६० टक्केच भरून निघायचे. ड्रायव्हरांना 'होईल तेवढं चांगलं करा' सांगून झालं होतं. मग नेमका आकडा दिला, ९४ टक्के. जादा पैसे नाहीत, न भरल्यास शिक्षाही नाही. काही महिन्यांत ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरून जायला लागले.

कट_जादा

ट्रक भरणं सोपं आहे मॅडम, भरला का नाही ते दिसतं. मी आकडा दिला होता. पाळीला ७० नगाच्या वर प्रत्येक नगाला पाच रुपये. पहिल्या आठवड्यात ८२ निघाले. मी खूष, पेढे. दहाव्या दिवशी लॉट परत. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची गो बाजू, जी शिरायलाच पाहिजे, तीच बोअरमध्ये शिरेना. पोरांनी इन्सर्ट, म्हणजे कापणारी टीप, बदलायला थांबायचं सोडलं होतं. बदलून, मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देऊन, पहिला नग तपासायला १५ मिनिटं जातात, तेवढ्यात दोन नग गेले ना. टीप झिजत गेली, बोअर मायनस, म्हणजे मापापेक्षा लहान होत गेला. चूक त्यांची नाही, मी ७० चा आकडा दिला, त्यांनी ७० च्या वरच बघितलं. आता मी आकडाही देत नाही आणि स्वप्नही विचारत नाही. दिवाळीला कायद्यात ८.३३ टक्के बोनस आहे, मी १५ देतो, आणि पगार सातला. माणसं टिकून आहेत.

पगारपत्रक

बघा. शेवटी आलात माझ्याच मुक्कामाला.

राजारामियन

टिकून आहेत आणि खूष आहेत यात फरक असतो, एवढं बोलून बाजूला होतो.

शिरोलीचा_लेथवाला

सगळ्यांना एकत्रच लिहितो.

तिसरी_पाळी, तुमचं लागलं. पार्टनर परवाच म्हणाला होता की नवीन मशीनच्या ट्रेनिंगला पोलीसवाल्याला नको. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं, हे खरं सांगतो. आता तोच जाईल. भरतीत १६०० मीटर पळायला २० गुण आहेत म्हणे, मिळाले तर मिळाले.

पाळीचं त्यालाच सांगितलं, तू विचार. दोघंजण तयार झाले. एकानं बदल्यात दिवाळीचे चार दिवस सलग मागितलेत, दुसऱ्यानं काहीच नाही. मी तक्त्यावर फक्त सही केली.

पगार. बँकेकडं कॅश क्रेडिटची (खेळत्या कर्जाची) मर्यादा वाढवून मागितली आहे, बँकेचा साहेब सोमवारी शॉप बघायला येणार होता, त्याला सांगावं लागलं की सोमवारी आमची आठवड्याची सुट्टी, सगळं बंद असतं. पुढचा पगार सातला करायचा असं ठरवलंय. नाही झाला तर पगारपत्रक साहेब, इथंच येऊन बोला.

कार्डं काल चहाच्या वेळी टेबलावर उलटी मांडली आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ज्याची त्यानं नेली. पंचवीस गेली. 'झोप'वालं अजून तिथंच आहे. त्यानं सगळं छापील अक्षरात काढलंय, त्यामुळं कोण ते मला अजून कळलेलं नाही.