ऊस बिल आणि दशमांश : घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

दादा: सलाम सगळ्यांना. उसाचं बिल आज जमा झालं, पण सेवा सोसायटीचं पीककर्ज कापून राहिलं तेवढंच खात्यावर आलंय. दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, कशावर काढायचा, अख्ख्या बिलावर का हातात आलेल्यावर? रविवारी चर्चला पाकीट टाकायचंय म्हणून विचारतोय

ताई: आम्हा पगारदारांचं पण हेच की, पीएफ टॅक्स कापायच्या आधी का नंतर

काका: बायबलातलं अनुवादाचं पुस्तक १४:२२ बघ, दरसाल शेतात जे पिकतं त्याचा दहावा भाग असं आहे. कर्ज कापलं ते आपणच घेतलेलं, खतात आणि लावणीत गेलं, त्यातनंच ऊस आला. मी अख्ख्या बिलावर काढतो. पण ते माझं, तुझ्यावर लादत नाही, २ करिंथ ९:७ मधे प्रेषित पौल सांगतो की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, कुरकुरत नको आणि कुणी भाग पाडलं म्हणून पण नको

पिंट्या: मलाखी ३:१० वाच दादा!! देव स्वतः म्हणतो माझी परीक्षा घेऊन बघा, आकाशाच्या खिडक्या उघडतो का नाही. आधी दे, पुढच्या हंगामाला टनेज वाढतंय बघ 🙏

आत्या: पिंट्या ते वचन खरं आहे पण टनेजसाठी द्यायचं असलं तर ते दान राहिलं कुठं बाळा. आणि ती खिडकी उघडायच्या आधी काय लिहिलंय ते पण वाचावं, माझ्या भांडारात अन्न असावं म्हणून दशमांश आणा असं आहे, कारण मंदिरात सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांना जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्यावरच. नहेम्या १३ मधे तर त्यांचा वाटा मिळेना म्हणून लेवी सेवा सोडून आपापल्या शेताकडं निघून गेले. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, उपरी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून (अनुवाद १४:२८-२९). देवाला आपल्या पैशाची गरज नाही, माणसं जेवली पाहिजेत हे त्याला पाहिजे

आत्या: आता दादा तुला एक विचारते. भांगलणीच्या बायकांची हजेरी दिलीस का?

दादा: बिल आल्यावर देतो असं ठरलंय आत्या, त्यांना पण माहिताय. रविवार झाला की बघतो

आत्या: मग मलाखीचा तोच अध्याय जरा वर जाऊन वाच, ३:५. मजुराची मजुरी दाबून धरणारा, विधवा आणि अनाथाला पिडणारा, उपऱ्याचा हक्क मारणारा, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो म्हणतो. एकाच अध्यायात दोन्ही आहेत, पण दानाच्या पाकिटावर फक्त दहावं वचन छापतात याचं मला खरंच वाईट वाटतं. अनुवाद २४:१५ तर सरळ सांगतो की मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष त्या पैशाकडं लागलेलं असतं

काका: बरोबर आहे. शौल राजानं पण तेच केलं की, १ शमुवेल १५. शत्रू अमालेक्यांचं काहीच राखू नको अशी देवाची आज्ञा होती, तरी यानं त्यांची चांगली चांगली मेंढरं राखली आणि वर म्हणाला देवाला यज्ञ करायला आणलीत. शमुवेल संदेष्टा काय म्हणाला, यज्ञापेक्षा ऐकणं बरं. आज्ञा बाजूला ठेवून वेदीवर काहीही चढवलं तरी ते चालत नाही

पिंट्या: पण मग मंडळीला द्यायचंच नाही का? पाळकसाहेबांचा पगार, देवळाचं लाईट बिल कुठनं येणार?

काका: द्यायचं की रं. मत्तय २३:२३ मधे येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, तेच बोलतो, पुदिना जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, हे करायचं होतं आणि ते पण सोडायचं नव्हतं. दोन्ही पाहिजे

आई: माझ्याकडं कुठला पगार आणि कुठलं बिल, पण मिझोरामच्या मंडळीतल्या बायका रोज भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, १९१० पासून चाललंय ते. मी पण आता तसं करते, आठवड्याचं आपल्या गल्लीतल्या आजींना देते. माझं दान स्वयंपाकघरातनंच जातं

वहिनी: हजेरीची वही माझ्याकडं आहे, बायका उद्या सकाळी येणार आहेत गवताला. रात्री हिशोब काढून ठेवते, तुम्ही एटीएमला जाऊन या

दादा: जातो आत्ताच. आणि काका, अख्ख्या बिलावरच काढतो