रूपचंदचे दात आणि पिरान्हाचे दात: नाते काय आणि फरक कोणता?

खाडीकाठ (प्रश्न):
आमच्या भागातील मासळीबाजारात रूपचंद आता बाराही महिने मिळतो. परवा साफ करताना त्याचा जबडा उघडून पाहिला, तेव्हा पुढचे दात रुंद, बोथट आणि चक्क माणसाच्या दातांसारखे दिसले. अशा माशाची छायाचित्रे ‘नदीत पिरान्हा सापडला’ अशा मथळ्याखाली अनेकदा प्रसिद्ध होतात. रूपचंद हा खरोखरच पिरान्हाचा प्रकार आहे का? तसे असेल, तर पिरान्हाचे दात पात्यासारखे धारदार आणि याचे असे बोथट का? दोघांच्या जबड्यांची रचना जाणकारांनी सविस्तर समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्राणिशास्त्र_शिक्षिका:
रूपचंद हा पिरान्हा नाही, मात्र त्याचा जवळचा नातेवाईक आहे. त्याचे शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस असून तो पाकू या गटात मोडतो. पाकू आणि पिरान्हा हे दोन्ही दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधले मासे सेरासाल्मिडी या एकाच कुळातले आहेत. भारतात पाकू 2003-04 च्या सुमारास बांगलादेशमार्गे आला आणि तळ्यांमधील मत्स्यशेतीतून बाजारात पोहोचला. शिवाय पिल्लू असताना त्याचे पोट लालसर असते आणि अंगावर ठिपके असतात, त्यामुळे तो लाल पोटाच्या पिरान्हासारखा दिसतो आणि गैरसमजाला आणखी खतपाणी मिळते.

ओळखायचे असेल तर रंगाकडे न पाहता तोंड उघडावे. पिरान्हाच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात दातांची एकेकच मुख्य ओळ असते. दात चपटे आणि त्रिकोणी असून त्यांच्या कडा धारदार असतात, आणि जबडा मिटला की वरचे दात खालच्या दातांच्या फटींत बसून मांसाचा तुकडा कात्रीसारखा कापला जातो. त्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. पाकूच्या वरच्या जबड्यात मात्र पुढच्या भागात दातांच्या दोन ओळी असतात, आणि खालच्या जबड्यात मुख्य ओळीच्या मागे, अगदी मध्यभागी, दातांची आणखी एक जोडी असते. हे दात दाढांसारखे जाड असतात, कारण अ‍ॅमेझॉनच्या पुराच्या काळात पाण्याखाली गेलेल्या जंगलात पाकू फळे आणि कठीण कवचाच्या बिया खातो. रबराच्या झाडाच्या बियाही त्याचे मोठे चुलत भाऊबंद फोडून खातात. म्हणजे आपण पाहिलेले ‘माणसाचे दात’ हे बी फोडण्याचे साधन आहे.

अस्थी_आणि_जीवाश्म:
वरील उत्तरात दातांच्या बदलीचा मुद्दा आलेला नाही, आणि माझ्या मते या कुळातील सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे. शार्कचे दात मागच्या ओळींतून पुढे सरकत येतात आणि जुने सुटे सुटे गळतात. पिरान्हाचे तसे नसते. त्याच्या जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदमच पडतात आणि त्यांच्या जागी नवा संच वर येतो. 2019 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी या कुळातील अनेक जातींच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून दाखवले की शेजारचे दात एकमेकांत अडकलेले असतात, म्हणजे एका दाताचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसलेला असतो. त्यामुळे एक दात एकटा बदलणे अवघड होते. या अडकण्यामुळे चावण्याचा ताण एकाच दातावर न येता साऱ्या ओळीवर विभागला जात असावा, असा त्यांचा तर्क आहे. महत्त्वाचे म्हणजे ही एकत्र बदली वनस्पती खाणाऱ्या पाकूंमध्येही आढळते. ती केवळ मांसाहारासाठी घडली असे म्हणता येत नाही.

पाकूच्या दोन ओळी आणि पिरान्हाची एक ओळ यांच्यामधला दुवा अर्जेंटिनात मिळाला आहे. मेगापिरान्हा या नामशेष माशाच्या वरच्या जबड्याचा तुकडा ला प्लाता येथील संग्रहालयात होता, आणि 2009 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे दात सरळ ओळीत नसून नागमोडी मांडणीत आहेत, म्हणजे दोन ओळी मिसळून एक होण्याच्या वाटेवर असाव्यात अशा.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. एका बाजूचे सगळे दात एकदम पडल्यावर मासा खातो कसा? आणि पिरान्हाच्या चाव्याची ताकद खरोखर मोजली गेली आहे का?

अस्थी_आणि_जीवाश्म:
जुने दात जागेवर असतानाच नवा संच त्यांच्या खाली हाडातील पोकळीत आकार घेत असतो, आणि दुसऱ्या बाजूचे दात तेवढ्या काळात शाबूत राहतात. त्यामुळे उपासमारीची वेळ येत नाही.

ताकद मोजलेली आहे. ब्राझीलमधील जंगली काळ्या पिरान्हांच्या चाव्याचे जे मापन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सर्वाधिक जोर 320 न्यूटन, म्हणजे माशाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 पट भरला. याचे श्रेय एकट्या दातांचे नाही. जबडा मिटणारे स्नायू डोक्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे असतात, आणि खालचा जबडा आखूड व भक्कम असल्याने तरफेसारखी रचना जोराच्या बाजूने झुकते. तरीही अरापाइमा या महाकाय माशाच्या खवल्यांवर पिरान्हाचे दात पुरेसे चालत नाहीत. त्या खवल्याचा बाहेरचा थर खनिजयुक्त व कठीण असतो, आणि आतील कोलॅजनचे थर वेगवेगळ्या दिशांना रचलेले असल्याने भेग आत पसरत नाही.

प्राणिशास्त्र_शिक्षिका:
आणखी एक विनंती आहे. पुढच्या वेळी रूपचंदचे डोके टाकून न देता उकळून मांस सोडवावे आणि जबडा वेगळा करून वाळवावा. वरच्या जबड्यातील दुहेरी ओळ आणि खालच्या जबड्याच्या मध्यभागातील मागची जोडी हातात घेऊन पाहता येईल. हाडाचा बाहेरचा भाग हलकेच फोडला, तर आतील नवे दातही दिसू शकतात.